धर्म दहा, देव नाही

माणूस श्रद्धा का ठेवतो, एकाच मातीतल्या दोघांपैकी एक जास्त श्रद्धाळू आणि एक कमी का निघतो, काही देश देवाच्या इतके जवळ आणि काही इतके लांब का, या प्रश्नांनी मानवजातीला हजारो वर्षं स्वस्थ झोपू दिलेलं नाही. नागपूरच्या बेसा भागातल्या शुभलक्ष्मी एन्क्लेव्ह या सोसायटीपुरतं या प्रश्नांचं उत्तर शनिवारी दुपारी दोनच्या आत द्यायचं होतं, कारण दोन वाजता पाहणीचं अ‍ॅप बंद होणार होतं.

उत्तर गोळा करायला दामिनी येत होती. पाहणी मोठी होती. एकेचाळीस देश आणि सगळ्यांना एकच प्रश्नावली. ती युरोपातल्या एका थंड देशातल्या विद्यापीठात तयार झाली होती आणि पुण्याच्या एका संस्थेनं तिचं मराठी केलं होतं. नागपूरच्या वाट्याला चोवीस फॉर्म आले, आणि संगणकानं ते चोवीसच्या चोवीस एका सोसायटीत टाकले. कोणता फ्लॅट, आणि त्या फ्लॅटमधलं कोणतं माणूस, हेही संगणकच सांगायचा. त्यात बदल चालत नव्हता. ते माणूस गावाला गेलं असेल तर परत येईपर्यंत थांबायचं. त्याच्याऐवजी शेजाऱ्याला विचारायचं नाही, शेजारी कितीही तयार असला तरी. शेजारी बहुधा तयारच असायचा.

दामिनी तेहेतीस वर्षांची. समाजशास्त्रात एम. ए. करून तिला नऊ वर्षं झाली होती आणि नऊही वर्षं ती तात्पुरती होती. तिनं लोकांना साबणाबद्दल विचारलं होतं, मतदार यादीबद्दल विचारलं होतं, घरात कूलर किती आणि त्यातलं पाणी कधी बदलता हे विचारलं होतं. या खेपेला मात्र पुण्याच्या संस्थेनं नागपूर विभागासाठी पर्यवेक्षकाचं पद काढलं होतं, तेही कायम. त्याची अट एका ओळीची होती: सगळे फॉर्म पूर्ण, आणि त्यातला एकही ‘विसंगत’ नको. नागपूर विभागात पाहणी करणारी ती एकटीच होती. म्हणजे स्पर्धा नव्हती. फक्त चोवीस माणसांनी आपल्या बोलण्यात मेळ ठेवायचा होता.

माणसं काय बोलतात हे तिला पहिल्या दोन दिवसांत कळलं.

“तुमच्या जीवनात धर्माचं महत्त्व किती? एक ते दहामध्ये सांगा.”

“समोरच्यायनं किती सांगितले?”

“ते गुप्त असतं.”

“गुप्त असू द्या न. अंदाजानं सांगा.”

“नाही सांगता येत.”

“मंग माझे आठ टाका. त्यायनं आठ सांगितले असन तर माझे साडेआठ.”

अ‍ॅपमध्ये अर्ध्याची सोय नव्हती. तीन दिवसांनी पाहिलं तर बी विंगची सरासरी ए विंगपेक्षा दीडनं जास्त आली होती. विद्यापीठाला त्यात पुढे काय दिसायचं ते दिसो; बी विंगमध्ये दारं समोरासमोर आहेत, आणि लोक दारात उभं राहून उत्तरं देतात.

पुढचा प्रश्न ‘प्रार्थनास्थळी किती वेळा जाता?’ असा होता. सोसायटीच्या आवारात गणपतीचं छोटं देऊळ आहे आणि देवळापुढे पत्र्याची मोठी शेड आहे. एप्रिल चालू होता. नागपूरच्या एप्रिलमध्ये दुचाकी उन्हात ठेवली तर सीटवर पोळी भाजता येते, आणि सोसायटीत सावली तेवढी एकच. पहिल्या बावीस जणांपैकी सतरा जणांनी ‘दिवसातून दोनदा किंवा अधिक’ असं सांगितलं. त्यात कोणी खोटं बोललं नाही. कशासाठी जाता, हे प्रश्नावलीत विचारलेलं नव्हतं.

शनिवारी सकाळी दोनच फॉर्म उरले होते. तेविसावा चारशे एकमधल्या शालिकरामांचा. शालिकराम खापरखेड्याच्या पॉवर हाऊसमध्ये चौतीस वर्षं बॉयलरवर होते. आता निवृत्त होऊन सहा वर्षं झाली होती. बनियनवर बसून त्यांनी देवाचं अस्तित्व एका शब्दात मान्य केलं.

“हाव.”

“आणि धर्माचं महत्त्व?”

“तीन.”

स्वयंपाकघरातून त्यांच्या बायकोचा, पुष्पलताबाईंचा आवाज आला, “तीन काय सांगून राहिले? चांगले आठ सांगा. लोक काय म्हणतीन?”

“गुप्त असते वं ते!”

“गुप्त आहे तर मले काहून ऐकू आलं?”

शालिकरामांनी आवाज खाली आणला. “हे पाय बेटा, खरं सांगू का? बॉयलर इन्स्पेक्टर यायचा त्या दिवशी मी दहावर असायचो. सकाळपासून देवासमोर. तो सही करून गेला का तीन. आता इन्स्पेक्टर येत नाही. तीनच लिही.”

दामिनीनं तीन लिहिले. अ‍ॅपनं हिरवी खूण दिली. देव आहे, पण त्याचं आपल्याकडे विशेष काम नाही, असं म्हणणाऱ्या माणसाला अ‍ॅपची काहीच हरकत नव्हती. तशी माणसं जगभर पुष्कळ असावीत.

“आपला देश कितीवर आहे गा?” शालिकरामांनी विचारलं. नागपुरात ‘गा’ पुरुषांना म्हणतात, पण शालिकरामांना ते फोनकडे बघून सुटलं.

“मागच्या पाहणीत नऊ पूर्णांक एक.”

“अन् ज्यायनं हे काढलं त्यायचा?”

“दोन.”

“दोन!” शालिकराम खुर्चीत पुढे सरकले. “मंग ते भेतात कोणाले?”

“कोणालाच नाही बहुतेक. तिथं दवाखाना फुकट असतो काका. नोकरी गेली तरी सरकार पैसे देतं.”

“मंग बरोबर आहे. आमचा पोरगा साहिल चार वर्षं घरी बसून होता तवा मीही आठवर गेलो होतो. गुरुवार करत होतो, शनिवार करत होतो. हैदराबादले लागला, अन् एका महिन्यात मी खाली आलो. म्हणजे सरकारनं साऱ्यायले नोकऱ्या देल्ल्या तर मंदिरं रिकामी होतीन म्हणतं?”

“पुस्तकात तसंच दिलंय.”

पुस्तकात खरंच तसं दिलं होतं. एम. ए.च्या दुसऱ्या वर्षी तो चौदा गुणांचा प्रश्न होता. जिथे उद्याची खात्री कमी तिथे श्रद्धा जास्त, असा काहीसा सिद्धांत. दामिनीला त्यात बारा मिळाले होते. तेव्हा ती स्वतः तीनवर होती. मग नोकरी शोधायला लागली आणि तिनं टेकडीच्या गणपतीला एक नारळ बोलला. पहिली जाहिरात रद्द झाली तेव्हा तीन केले, दुसरी रद्द झाली तेव्हा पाच. या पदासाठी अकरावर आली होती. सिद्धांत बरोबर आहे, हे ती आता परीक्षेशिवायही सांगू शकली असती.

“शेवटचा कोण राहिला?” शालिकरामांनी विचारलं.

“समोरचेच. चारशे दोन. संघपाल काका.”

“चाल, मीही येतो. त्याच्याकडं चहा चांगला भेटते.”

मुलाखतीच्या वेळी तिसरं माणूस हजर नसावं असा नियम होता. दामिनीनं तो सांगितला. शालिकरामांनी तो नीट ऐकून घेतला आणि सदरा चढवला.

संघपालही खापरखेड्याचेच. शालिकराम बॉयलर चालवायचे आणि संघपाल त्या बॉयलरचं पाणी प्रयोगशाळेत तपासायचे. वसाहतीत दोघांची क्वार्टर्स लागून होती. निवृत्तीनंतर दोघांनी फ्लॅटही समोरासमोर घेतले, आणि रोज सकाळी फिरायला जाताना गेली तीसेक वर्षं ते एकमेकांना देव आहे आणि देव नाही हे पटवून देत होते. कोणालाच पटलं नव्हतं, पण चालणं होत होतं.

“जय भीम, काका.”

“जय भीम. बस बेटा. हा काहून आला?”

“चहाले,” शालिकराम म्हणाले.

हॉलमध्ये बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो होता. त्यांच्या खाली, थोडा लहान, संघपालांच्या वडिलांचा, धोंडबांचा फोटो होता. धोंडबा एकोणीसशे छप्पन सालच्या ऑक्टोबरात उमरेडकडच्या एका गावातून चालत नागपूरला आले होते. दीक्षा घेऊन परत गेल्यावर त्यांनी घरातले देव पितळेच्या परातीत ठेवले, नदीवर नेले, देव पाण्यात सोडले आणि परात परत आणली. परात चांगली होती. संघपालांची बायको प्रेमिला आता हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या ओट्यावर त्याच परातीत कणीक मळत होती.

प्रश्न सुरू झाले. संघपालांनी पाण्यातली सिलिका दशांशाच्या तिसऱ्या स्थळापर्यंत मोजण्यात आयुष्य घातलं होतं, त्यामुळे त्यांची उत्तरं सोसायटीतल्या इतरांसारखी नव्हती.

“तुमचा धर्म?”

“बौद्ध.”

“तुमच्या जीवनात धर्माचं महत्त्व किती? एक ते दहा.”

“दहा.”

शालिकराम सोडले तर समोरच्यांनी किती सांगितले हे न विचारणारा चोविसांतला तो पहिला माणूस होता. समोरचे तिथेच बसले होते, हे खरं.

“प्रार्थना किंवा पाठ किती वेळा?”

“सकाळी त्रिशरण-पंचशील, संध्याकाळी त्रिशरण-पंचशील. पाठ लिही. प्रार्थना नको लिहू. मागत नाही आम्ही काही.”

“प्रार्थनास्थळी?”

“विहारात दर रविवारी. दर पौर्णिमेले. अन् धम्मचक्र प्रवर्तन दिनाले तीन दिवस दीक्षाभूमीच्या रस्त्यावर पाणी वाटायले असतो. तेवीस वर्षं झाली, खंड नाही.”

“देवाचं अस्तित्व मानता?”

“नाही.”

फोन थरथरला. पडद्यावर लाल पट्टी आली. ‘विसंगत उत्तर. उत्तरदात्याकडून खात्री करून घ्या.’

दामिनीनं प्रश्न पुन्हा वाचला. संघपालांनी पुन्हा ‘नाही’ म्हटलं. पट्टी लालच राहिली.

“काय म्हणते ते?” संघपालांनी विचारलं.

“तुमची उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत म्हणतं. देव नाही म्हणता, तर धर्म दहा कसा?”

“देव नाही म्हणूनच तर दहा,” संघपाल म्हणाले. “हे त्याले सांग.”

त्याला सांगायची सोय नव्हती. दामिनीनं पुण्याला फोन लावला. तिकडे सौरव नावाचा मुलगा अडचणी सोडवायला बसवलेला होता. दामिनीनं फोन स्पीकरवर ठेवला.

“मॅडम, ती लॉजिक चेक आहे,” सौरव म्हणाला. “धर्माला सातच्या वर आकडा दिला आणि देव नाही म्हटलं, की फॉर्म विसंगत होतो.”

“पण हे बौद्ध आहेत.”

“असतील ना. धर्माच्या यादीत बौद्ध आहे की.”

“मग देव कुठून आणायचा?”

“प्रश्नावली तिकडे बनलीय मॅडम. तिकडे जो देव मानत नाही तो धर्मही मानत नाही. त्यांना दुसरा प्रकार माहीत नसेल. तुम्ही ‘सांगता येत नाही’ टाका.”

“मले येते ना सांगता,” संघपाल फोनच्या दिशेनं म्हणाले. “सांगूनच तर राहिलो केव्हाचा.”

“आणि फॉर्म असाच पाठवला तर?” दामिनीनं विचारलं.

“जाईल ना. विसंगतच्या पेटीत जाईल. खाली शेऱ्याची जागा असते, पाचशे अक्षरं. शेरा लिहिला तर पर्यवेक्षक तो वाचतात, आणि त्यांना पटलं तर फॉर्म मोजणीत घेतात. पण मॅडम…” सौरवनं आवाज खाली आणला. स्पीकरवर असल्यामुळे तो खाली आलेला आवाज सगळ्यांनी ऐकला. “तुमच्या पोस्टचं काय? एक जरी विसंगत गेला तर नाव निघतं यादीतून. ऑटोमॅटिक आहे ते, माझ्या हातात नाही. दोनच्या आत काय ते बघा.”

फोन बंद झाला. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

“कोणती पोस्ट?” संघपालांनी विचारलं.

दामिनीनं सांगितलं. नऊ वर्षं, कायम, एकही विसंगत नको. लपवावं असं तिच्या मनात आलं होतं, पण नऊ वर्षं लोकांकडून खरं काढून घ्यायचं काम केल्यावर तिला पटकन दुसरं काही सुचलं नाही.

ओट्यावर कणीक मळायचं थांबलं. “अहो, पोरीची नोकरी आहे,” प्रेमिलाबाई म्हणाल्या.

“ऐकलं म्या.”

“मंग दहाचे दोन करा न. अंकच तर आहे. घरी तुम्ही दहाच पाळा, कोण पाहून राहिलं?”

“सकाळ-संध्याकाळ पंचशील म्हणतो अन् दोन सांगू? त्यातलं चौथं शील काय आहे, सांग बरं.”

प्रेमिलाबाईंनी सांगितलं नाही. खोटं बोलणार नाही, असं ते शील आहे, आणि ते दोघांनी त्याच सकाळी म्हटलं होतं.

“मी एक सांगू का?” शालिकराम म्हणाले. चहा अजून आला नव्हता. “माझा देव लिहून टाक त्याच्या नावावर. माझ्याकडं तसाही तो रिकामाच आहे आता.”

“तू गप ना बे.”

“गप काय? तीस वर्षं तुले देऊन राहिलो, घेत नाही. आता पोट्टीच्या कामी येते तर घे न.”

संघपाल उठले, खिडकीपाशी गेले आणि परत आले. ते हट्टी होते, पण त्यांच्या हट्टाचा खर्च आजवर त्यांनी स्वतः केला होता. एकदा बढती गेली होती, एकदा मेहुण्याशी बोलणं गेलं होतं. दुसऱ्याच्या पोरीच्या नोकरीवर हट्ट करायची वेळ प्रथमच आली होती आणि त्यांना ते जमत नव्हतं.

“माझा बाप उमरेडकडून पायी आला,” ते म्हणाले. “देव नाही, एवढे दोन शब्द म्हणायले. दोन दिवस लागले त्याले. पाय सुजले. अन् मी इथं पंख्याखाली बसून…” ते खुर्चीत बसले. “किती वाजले?”

“साडेबारा.”

“लिही बेटा. होय लिही.”

प्रेमिलाबाईंनी ओट्यावरून पाहिलं. शालिकरामांनीही पाहिलं, आणि त्यांना आनंद होईल असं कोणालाही वाटलं असतं, पण त्यांना झाला नाही. तीस वर्षांचा वाद आपण असा जिंकावा हे त्यांना बरं वाटलं नसावं.

“मला असं लिहिता येत नाही काका,” दामिनी म्हणाली. “विसंगत आलेलं उत्तर बदलायचं तर त्याचा आवाज नोंदवला जातो. मी प्रश्न पूर्ण वाचायचा आणि तुम्ही तुमच्या तोंडानं उत्तर द्यायचं. नंतर ते ऐकून पाहतात.”

“एवढंच न? वाच.”

दामिनीनं बटण दाबलं. “देवाचं अस्तित्व मानता? होय, नाही, किंवा सांगता येत नाही.”

“नाही,” संघपाल म्हणाले.

सगळे थांबले.

“सवयीनं गेलं,” संघपाल म्हणाले. “पुसता येते ना? पुस. पुन्हा वाच.”

नोंद तीन वेळा करता येत होती. दामिनीनं पुसली आणि पुन्हा वाचलं. या वेळी संघपालांनी डोळे मिटले, श्वास घेतला, तोंड उघडलं, आणि त्यांना खोकला आला. खोकला बराच वेळ चालला. प्रेमिलाबाईंनी पाणी आणून दिलं. अ‍ॅपनं तो खोकला तेरा सेकंदांचा मोजला आणि ‘उत्तर ऐकू आले नाही’ असं कळवलं.

“मी म्हणू का त्याच्यातर्फे?” शालिकरामांनी विचारलं.

“तुझा आवाज घोगरा आहे,” संघपाल म्हणाले. “ओळखू येईन.”

“अन् तुझा आता काय कोकिळेचा झाला?”

कोणी हसलं नाही. शालिकरामसुद्धा.

तिसरी वेळ. दामिनीनं प्रश्न वाचला. संघपालांनी समोर पाहिलं, आणि समोर धोंडबांचा फोटो होता. फोटोतले धोंडबा कॅमेऱ्याकडे बघत होते, म्हणजे आता संघपालांकडे बघत होते. पांढरा सदरा, वरचं बटण लावलेलं. संघपालांचे ओठ ‘हो’साठी गोल झाले. गोल झालेले ओठ तसेच राहिले. पंख्याचा आवाज येत होता. ओट्यावर परात जराशी सरकली आणि तिचाही आवाज आला. मग संघपालांनी ओठ मिटले आणि दामिनीकडे बघून मान हलवली. ती हो अशी हलली की नाही अशी, हे अ‍ॅपला दिसत नव्हतं. अ‍ॅप फक्त ऐकत होतं.

पडद्यावर तीन बटणं उरली होती: ‘होय’, ‘नाही’, ‘सांगता येत नाही’. आवाज मिळाला नाही तर पाहणी करणाऱ्यानं उत्तर स्वतः भरावं, असा नियम होता, आणि असे फॉर्म पुढे कोणी तपासत नव्हतं, कारण तपासायला आवाजच नसायचा. म्हणजे पहिलं बटण दाबलं असतं तर पुण्याला काही कळलं नसतं आणि थंड देशात तर नाहीच नाही. हे दामिनीला माहीत होतं. खोलीतही आता सगळ्यांना ते माहीत झालं होतं, कारण अ‍ॅपनं ते मराठीत लिहून दाखवलं होतं आणि शालिकराम तिच्या खांद्यावरून मोठ्यानं वाचत होते.

“दाब,” शालिकराम हळूच म्हणाले. “तो काही म्हणणार नाही. मान हलवली ना त्यानं.”

संघपाल खरंच काही म्हणाले नाहीत. ते जमिनीकडे बघत होते. प्रेमिलाबाई परातीकडे बघत होत्या. एकूण सगळ्यांनी दामिनीला मोकळं सोडलं होतं.

एक वाजून पाच मिनिटांनी दामिनीनं ‘नाही’ दाबलं. लाल पट्टी परत आली. तिनं ती बाजूला केली.

“शेऱ्यासाठी पाचशे अक्षरं आहेत काका,” ती म्हणाली. “सांगा.”

संघपालांनी मान वर केली. “काहून पण? मी तर…”

“नोंदीसाठी प्रश्न तीनदा विचारला. एकदाच उत्तर ऐकू आलं. तेच लिहिलं.”

शेरा लिहायला चाळीस मिनिटं लागली. संघपाल सांगत होते, दामिनी लिहीत होती आणि शालिकराम आक्षेप घेत होते. देव न मानणं म्हणजे धर्म न मानणं नव्हे, हे पहिलं वाक्य पटकन झालं. दुसऱ्या वाक्यात धोंडबा आले आणि अक्षरं संपत चालली. पायी आल्याचं ठेवायचं की सुजलेल्या पायांचं, यावर वाद झाला. पाय गेले. परातीचं वाक्य शालिकरामांनी सुचवलं होतं. संघपालांना ते नको होतं, प्रेमिलाबाईंना हवं होतं, ते राहिलं. शेवटी चारशे अठ्ठ्याण्णव अक्षरं झाली. उरलेल्या दोन अक्षरांत काही बसत नव्हतं.

एक वाजून बावन्न मिनिटांनी फॉर्म गेला. दोन वाजता अ‍ॅप बंद झालं. त्यानंतर चहा आला.

सोमवारी दामिनीला पुण्याहून संदेश आला. तिनं केलेल्या कामाबद्दल आभार होते आणि पर्यवेक्षकपदाच्या यादीतून तिचं नाव कमी केल्याची नोंद होती. त्याला उत्तर पाठवायची सोय नव्हती. टेकडीचे अकरा नारळ तिनं रद्द केले नाहीत, वाढवलेही नाहीत. पुढच्या जाहिरातीपर्यंत ते तसेच ठेवले.

ऑगस्टमध्ये अहवाल आला. भारताचा आकडा नऊ पूर्णांक एक. मागच्या वेळी तेवढाच होता. थंड देशाचा दोनवरून एक पूर्णांक नऊ झाला होता, आणि त्यावर तिकडे काही लोकांनी चिंता व्यक्त केली. वेगवेगळ्या देशांत श्रद्धेचं प्रमाण वेगवेगळं का, यावर अहवालात चौसष्ट पानांचं प्रकरण आहे. त्यात उत्पन्न आहे, शिक्षण आहे, युद्धं आणि भूकंप आहेत. दक्षिण आशियातल्या शहरी वस्त्यांत प्रार्थनास्थळी दिवसातून दोनदा जाण्याचं प्रमाण थक्क करणारं आहे आणि त्याचा अधिक अभ्यास व्हावा, असंही त्यात म्हटलं आहे. सावलीचा उल्लेख नाही.

ऑगस्टमध्येच दामिनी शुभलक्ष्मी एन्क्लेव्हमध्ये पुन्हा आली. या वेळी पाहणी डासांच्या अळ्यांची होती. उन्हाळा संपला तरी कूलरमधलं पाणी तसंच ठेवणाऱ्यांची यादी करायची होती. देवळापुढची शेड अर्धी रिकामी होती. पाऊस सुरू झाल्यापासून लोक गाड्या कुठेही लावत होते. चारशे एकमध्ये शालिकरामांच्या कूलरमध्ये अळ्या सापडल्या आणि त्यांनी त्या संघपालांच्या आहेत असं सांगितलं. चारशे दोनमध्ये कूलर कोरडा होता. पुसून, उलटा करून, वर जुनी चादर टाकलेली.

“बेटा,” संघपालांनी विचारलं, “तो शेरा वाचला का वं कोणी?”

“विचारलं होतं मी सौरवला.”

“मंग?”

“फॉर्म पेटीत आहे म्हणाला. नागपूर विभागाच्या पेटीत तो एकच आहे.”

“मंग वाचायले किती वेळ लागते?”

दामिनीनं कूलरच्या पुढे बरोबरची खूण केली आणि वही मिटली.

शेरे पर्यवेक्षक वाचतात. नागपूर विभागाचं ते पद अजून भरलेलं नाही.